आधी सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या रानातून वाहणारा कळसा नाला म्हादई नदीला मिळतो आणि ते पाणी गोव्यात उतरतं. हे पाणी मलप्रभा नदीकडे वळवावं का, हा प्रश्न जंगलाचा, नदीचा आणि तहानलेल्या गावांचा. 2018 साली म्हादई जलविवाद लवादाने म्हादईच्या खोऱ्यातून वळवण्यासाठी एकूण 3.9 टीएमसी पाणी मंजूर केलं. वाद मात्र राज्याराज्यांचा झाला. अशा वादात झाडांची बाजू घेणाऱ्याला आधी विचारलं जातं : तुम्ही कोणाच्या बाजूचे?

सीमाभागाला हा प्रश्न पाठ आहे. मुस्लिमबहुल देशांतल्या पर्यावरण चळवळीही बऱ्याचदा याच प्रश्नापाशी अडतात.

तिथे धर्मच आड येतो, असं अनेकांना वाटतं. पण कुराणात माणूस पृथ्वीवरचा ‘खलिफा’ आहे. अभ्यासक त्याचा अर्थ विश्वस्त असा लावतात. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने 2014 मध्ये संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीविरुद्ध फतवा काढला. 2015 मध्ये इस्तंबूलला हवामानबदलावर इस्लामी जाहीरनामा निघाला. श्रद्धेचं बळ आहे; पण रस्त्यावर उतरायला मोकळीकही लागते.

ती नसली की काय होतं, ते इराणने दाखवलं. जानेवारी 2018 मध्ये आशियाई चित्त्याचा अभ्यास करणाऱ्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. त्यांतले कावूस सय्यद-इमामी महिन्याभरातच तुरुंगात मरण पावले. इस्तंबूलच्या गेझी पार्कमध्ये 2013 साली झाडं वाचवायला बसलेल्यांचं आंदोलन देशभर पसरलं, तेव्हा सरकारला त्यात कारस्थान दिसलं. बांगलादेशात वकील सय्यदा रिझवाना हसन यांनी जहाजतोडणीचं प्रदूषण न्यायालयात नेलं. तिथे कोर्टाचं दार उघडं होतं, कागदपत्रं हाती होती. 2009 मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

दुसरी गोष्ट जवळिकीची. ती समजायला सीमाभागातली निपाणी पुरेशी आहे. 1980 च्या सुमारास तंबाखूच्या वखारींतल्या बायका संघटित झाल्या. युगांतर या चित्रपट गटाने 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. ‘पर्यावरण’ हा शब्द त्यांना लागला नाही. दिवसभर नाकातोंडात जाणारी तंबाखूची धूळ आणि हातात पडणारी तुटपुंजी मजुरी, एवढं पुरलं.

चित्ता दूरचा, धूळ छातीतली. दूरच्या जिवासाठी बोलणाऱ्याला परका ठरवणं सोपं जातं. वखारीत खोकणाऱ्या बाईला परकी ठरवायचं कसं? कळशाच्या रानाची गोष्ट जोवर पिण्याच्या पाण्याइतकी आणि शेताइतकी घरची होत नाही, तोवर तिथेही पहिला प्रश्न तोच येणार.