चार आठवड्यांची उंची

विक्रोळीत पहाटे हायवेच्या कडेने धावणाऱ्यांमध्ये स्टीपलचेसचा धावपटू अविनाश साबळेचा विषय निघाला की पाठोपाठ सियाचिन येतंच. 'सियाचिनला होता ना तो, म्हणून एवढा दमसास.' कन्नमवारनगरमध्ये हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि वर्तमानपत्रांतही इतक्यांदा वाचलंय, की ते आता सिद्ध झाल्यासारखंच बोललं जातं. मला ते कधीच पटलं नाही. विक्रोळी खाडीकाठची, समुद्रसपाटीला चिकटलेली. तरीही उंचीवर माणसाच्या शरीराचं काय होतं, हा विषय मला शाळेपासून झपाटून आहे. कारण 1968 चं मेक्सिको ऑलिंपिक. तिथल्या विरळ हवेत बॉब बीमनने 8.90 मीटर लांब उडी मारली आणि त्याच मैदानात रॉन क्लार्क दहा हजार मीटर संपवून बेशुद्ध पडला. एकाच हवेने एकाला वर उचललं आणि दुसऱ्याला आडवं केलं.

क्लार्कची गोष्ट आधी. दहा हजार मीटरचा विश्वविक्रम त्याच्या नावावर होता, 27 मिनिटं 39.4 सेकंद. मेक्सिकोत सुवर्ण मिळालं केनियाच्या नफ्ताली टेमूला, 29 मिनिटं 27.4 सेकंदांत. विजेतासुद्धा विश्वविक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून मागे! क्लार्क सहावा. मेक्सिको सिटीची उंची 2,240 मीटर. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब, आणि दाब कमी म्हणून फुप्फुसातून रक्तात शिरणारा ऑक्सिजनही कमी. साधारण दीड हजार मीटरच्या पुढे दर शंभर मीटरला दमाची क्षमता एखाद्या टक्क्याने घसरते, असा ढोबळ हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. लांब उडीला दम लागत नाही, वेग लागतो, आणि विरळ हवा वेगाला आडवी येत नाही.

त्या ऑलिंपिकआधी मोठा वाद झाला होता. फ्रान्सने पिरेनीज पर्वतात फाँ-रोमू इथे सुमारे 1,850 मीटरवर खास केंद्र बांधलं. अमेरिकेने निवड चाचणी टाहो सरोवराजवळच्या घाटमाथ्यावर घेतली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नियम काढला होता: स्पर्धेआधीच्या तीन महिन्यांत चार आठवड्यांहून जास्त काळ उंचीवर सराव करायचा नाही. हौशीपणा टिकावा, हा हेतू. पण केनियाच्या रिफ्ट खोऱ्यात जन्मलेल्याला आणि इथिओपियाच्या पठारावर वाढलेल्याला हा नियम कसा लावणार? त्यांचं घरच उंचीवर. मला हा नियम मुळातच अन्यायाचा वाटतो: ज्यांना उंची जन्मजात मिळाली त्यांना सूट, आणि ज्यांना ती मिळवायची होती त्यांच्यावर बंदी. आपल्या हॉकी संघाला तिथे कांस्य मिळालं, पण संयुक्त कर्णधारपदाच्या वादात उंचीची चर्चा कोपऱ्यात गेली. शिवाय सुवर्ण पाकिस्तानने त्याच हवेत जिंकलं, त्यामुळे हवेला दोष देण्याची सोय नव्हती.

हे चार आठवडे लक्षात ठेवा. कारण तोच आकडा मला दुसऱ्या एका, अगदी वेगळ्या जागी सापडला. आपल्या लष्करात.

1962 च्या युद्धात मैदानी प्रदेशातले हजारो जवान काही दिवसांत दहा-बारा हजार फुटांवर आणि त्याच्याही वर पोचवले गेले. कित्येक जण शत्रूची गोळी न लागताच आडवे झाले. धाप, खोकला, फुप्फुसात पाणी. आधी याला न्यूमोनिया समजलं जाई. लेहच्या लष्करी रुग्णालयातले डॉक्टर मेनन यांनी 1965 मध्ये अशा 101 जवानांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये 1,925 जवानांचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. डोकेदुखी, उलट्या, झोप उडणं, भ्रम, बेशुद्धी. अकरा हजार ते अठरा हजार फुटांवरच्या आजाराचं इतकं मोठं चित्र तोवर जगात कुणी रेखाटलं नव्हतं. मूठभर गिर्यारोहकांवर विसंबण्याचे दिवस त्यामुळे संपले.

इंदर सिंग यांचा मला मनापासून आदर वाटतो, त्यांचं सगळं बरोबर होतं म्हणून नव्हे. त्यांनी लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचा जोरदार पुरस्कार केला आणि ते पुढे मागे पडलं, कारण उंचीवर आधीच पाणी गमावलेलं शरीर त्याने आणखी कोरडं होतं. पण मेंदूच्या सुजेवर त्यांनी बीटामेथासोनसारखी स्टेरॉइडं वापरली, आणि त्याच जातीचं डेक्सामेथासोन आज जगभरच्या पर्वतांवर जीव वाचवतं. संशोधक हवा तो असा, एवढ्या रुग्णांसमोर उभं राहून निर्णय घेणारा.

या अनुभवातून लष्कराची शिस्त ठरली. 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. पुढे 15,000 फुटांपर्यंत चार, त्याहून वर आणखी चार. आणि रजेवर गेलेल्या जवानासाठी वेगळा नियम: दहा दिवसांहून जास्त खाली राहिला तर परतल्यावर चार दिवस पुन्हा जुळवून घ्यायचं, चार आठवड्यांहून जास्त राहिला तर सगळं पहिल्यापासून. म्हणजे चार आठवडे सपाटीवर काढलेल्या जवानाला लष्कर नवखाच धरतं.

साबळे 5 महार बटालियनमध्ये भरती झाला. 2013-14 च्या सुमारास सियाचिन, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. धावण्याकडे तो वळला 2015 मध्ये. उंचीवर रक्तात वाढणारी लाल पेशी जगते सुमारे 120 दिवस. मग 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतल्या शर्यतीत सियाचिनचं रक्त कुठून येणार? शिवाय पाच हजार मीटरच्या वर शरीर बळावत नाही, झिजतं. भूक मरते, स्नायू गळतात. सियाचिनने त्याला सोसण्याची सवय दिली असेल, हे मी मान्य करतो. पण त्याला धावपटू केलं ते 2017 नंतरच्या सरावाने. लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे आला तेव्हा तो जाडजूड जवान होता; तीन महिन्यांत त्याने सुमारे 20 किलो वजन उतरवलं. 2018 मध्ये भुवनेश्वरला गोपाल सैनी यांचा 37 वर्षांचा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला, 8 मिनिटं 29.80 सेकंद.

आता उंची आली, पण वेगळी. उटीची. उटीची उंची 2,240 मीटर, थेट मेक्सिको सिटीएवढी. सराव होईल इतकी सौम्य, आणि मूत्रपिंडाने एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडून मज्जेला नव्या लाल पेशी घडवायला लावावं इतकी पुरेशी. पहिले काही दिवस हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं ते फसवं. रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. खरी वाढ व्हायला तीन-चार आठवडे लागतात. नंतर साबळे स्कॉट सिमन्स यांच्याकडे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, सुमारे 1,840 मीटरवर.

या प्रवासाच्या मध्ये निकोलाय स्नेसारेव्ह येतात. बेलारूसचे हे प्रशिक्षक 2005 मध्ये भारतात आले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, या दोघींच्या यशात त्यांचा वाटा मोठा. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कविताला दहा हजार मीटरचं रौप्य आणि पाच हजारांचं कांस्य. 2016 मध्ये ललिता रिओत अंतिम फेरीत. माणूस अतिशय कडक. साबळेला ती पद्धत झेपली नाही, तो अमरीश कुमार यांच्याकडे परतला. पुढे टोकियोसाठी पुन्हा स्नेसारेव्ह यांच्याच हाताखाली सराव ठरला. 2 मार्च 2021 ला ते भारतात आले आणि 5 मार्चला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. या माणसावर मराठीत एक सविस्तर लेखही नसावा, याची मला खंत वाटते. माण आणि सावरपाड्याच्या मुलींचा दम जगाच्या मापाने मोजण्याची हिंमत त्यांनी दाखवली होती.

बर्मिंगहॅमला 6 ऑगस्ट 2022 रोजी साबळे शेवटच्या सरळ रेषेत केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून होता. किबिवोट 8:11.15, साबळे 8:11.20. राष्ट्रकुल स्पर्धांत 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेत होता. केनियाचे धावपटू राहतात आणि पळतात ते इतेनसारख्या गावांत, सुमारे 2,400 मीटरवर, जन्मापासून. त्यांच्यात आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या या शेतकऱ्याच्या मुलात 0.05 सेकंदांचा फरक उरला. याचं श्रेय बर्फाला देणं म्हणजे त्याच्या घामाचं श्रेय काढून घेणं.

बॉक्सरची गोष्ट याहून अवघड. ठोसा मारायला त्या क्षणी ऑक्सिजन लागत नाही, त्यामुळे पहिल्या फेरीत उंची जाणवतच नाही. पण दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात स्नायूंचा साठा परत भरायचा असतो आणि तो ऑक्सिजनवरच भरतो. तिसऱ्या फेरीत हात खाली येतात, हनुवटी उघडी पडते. त्यात वजनाचं गणित. कोरडी हवा, जलद श्वास, वाढलेली लघवी. काट्यावर वजन झरझर उतरतं, पण जातं ते पाणी, आणि पाणी गमावलेल्या बॉक्सरला डोक्यावरचा मार जास्त धोकादायक. म्हणून व्यावसायिक बॉक्सर कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरसारख्या दोन हजार मीटरच्या गावी सराव करतात आणि लढायला खाली उतरतात. उंचीवरच लढायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी तरी पोचावं, किंवा पोचल्या पोचल्या चोवीस तासांत रिंगणात उतरावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शरीर सर्वांत बेजार असतं, आणि पाहुणे संघ नेमके तेव्हाच उतरताना दिसतात.

विक्रोळीतले जे धावपटू सप्टेंबरात लडाख मॅरेथॉनला निघतात त्यांना मी हेच सांगतो. कोविडच्या काळात घराघरांत आलेलं ऑक्सिमीटर ते सोबत नेतात. इथे 94 च्या खाली आकडा गेला की आपण रुग्णालय शोधत होतो. लेहला विमानातून उतरल्यावर धडधाकट माणसाच्या बोटावरही 85 ते 90 दिसतं. घाबरायचं नाही, पण धावायचंही नाही. पहिले दोन दिवस खोलीत, लष्कराच्या जवानासारखे. आणि डोकं ठणकत असेल, चालताना तोल जात असेल, तर शर्यतीची फी गेली तरी चालेल, खाली यायचं.

राहता राहिला आपल्या राज्याचा प्रश्न. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, आणि तिथे मंदिर आहे, ट्रॅक नाही. महाबळेश्वर 1,400 मीटरच्याही खाली. लष्कराच्या नामवंत बॉक्सरांना घडवणारी मुंढव्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट ज्या पुण्यात आहे, ते 560 मीटरवर. थंड हवा आणि चढाचा रस्ता सह्याद्री भरपूर देतो, पण मूत्रपिंडाला जाग आणणारी उंची महाराष्ट्रात कुठेच नाही. म्हणून महाबळेश्वरच्या शिबिराला उंचीचा सराव म्हणणं बंद करावं. माण, आष्टी, सावरपाड्याच्या पंधरा-वीस निवडक मुला-मुलींना राज्याने दरवर्षी दोनदा, प्रत्येकी सलग चार आठवडे, डॉक्टर आणि रक्ततपासणीसह उटीला ठेवावं. कुर्ल्याच्या टर्मिनसवरून कोइमतूरची गाडी सुटते. पुढे मेट्टुपाळयमचा घाट चढला की उटी.