वाण्याची वही आणि विहीर

आमच्या अवधपुरी वस्तीत नवी इमारत उठू लागली की शेजारी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात. त्यांतली बरीच माणसं बुंदेलखंडातली, टीकमगढ-छतरपूरकडची. पगार झाला की कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गर्दी होते. दुकानदार रोख घेतो, कमिशन कापतो, गावच्या खात्यात पैसे टाकतो. मजूर तिथूनच घरी फोन लावून विचारतो, आले का? तो प्रश्न ऐकला की मला कोकण आठवतं.

टपाल खात्याने 1880 साली मनीऑर्डर सुरू केली आणि मुंबईच्या गिरणगावातल्या चाकरमान्याचं कोकणातलं घर तिच्यावर चालू लागलं. घरचं भात वर्षभर पुरत नसे. पोस्टमन येऊन गेला की आधी वाण्याची उधारी फिटायची, मग मुलांची फी, उरलंच तर घराची कौलं. कित्येक घरांची चूल या पैशाने पेटती ठेवली. त्याला कुणी नुसती खाऊन संपवलेली कमाई म्हटलं की मला राग येतो. रिचर्ड ॲडम्स आणि जॉन पेज यांनी 2005 साली 71 विकसनशील देशांचा हिशेब मांडला. परदेशातून येणारा दरडोई पैसा दहा टक्के वाढला, तर गरिबांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांनी घटतं. म्हणजे शंभरात चाळीस गरीब असतील, तर साडेअडतीसच्या आसपास उरतात.

मग कोकण श्रीमंत का झालं नाही? वाण्याकडचं कापड, साबण, साखर बाहेरूनच यायची. आलेला पैसा त्याच वाटेने परत जायचा. जमिनीत घालावा, तर कसणारे हात मुंबईत. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि गावागावांत मनीऑर्डर येईनाशी झाली. सगळी मदार एकाच शहरावर, एकाच धंद्यावर होती.

टिकलं ते वर्गणीचं. मुंबईकर मंडळांनी पैसे जमवून कुठे शाळेची खोली बांधली, कुठे विहीर खणली.

परवा त्या दुकानात एका गवंड्याला विचारलं, पैसे कशात जातात? घर पक्कं झालं, म्हणाला, आता बोरिंगसाठी साठवतोय. पाणी लागलं तर गहू घेता येईल. मग दिवाळीनंतर इकडे यायचं कारण उरणार नाही.