खिडकीतून खान्देश

जळगावात मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांना विमानाचा आवाज आता नवा नाही. कुसुंब्याचा विमानतळ तिथून जवळच. तरीही लग्नाच्या वाढदिवसाला किंवा दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी कुठे जायचं म्हटलं, की आपण अजूनही रेल्वेचंच वेळापत्रक उघडतो. गावातूनच छोटं विमान मिळत असताना त्यातल्या प्रवासाकडे सहल म्हणून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

इथली विमानसेवा धरसोडीची होती, हे खरं. २३ डिसेंबर २०१७ रोजी ‘उडान’ योजनेत एअर डेक्कनचं १९ आसनी विमान मुंबईसाठी निघालं, पण ती सेवा काही महिन्यांतच थांबली. २०१९मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. २०२४मध्ये गोव्याच्या ‘फ्लाय ९१’ने गोवा, हैदराबाद आणि पुणे या मार्गांवर एटीआर ७२ विमानं आणली. दोघांच्या सहलीसाठी यातला गोव्याचा मार्ग सर्वांत देखणा.

एटीआर हे पंख्याचं, सत्तरेक आसनांचं विमान. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन झाकली जात नाही. मोठी जेट विमानं दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात, हे साधारण पाच-सहा किलोमीटरवरून. तेवढ्या उंचीवर हवा स्वच्छ असेल तर क्षितिज अडीचशे किलोमीटरच्या पुढे सरकतं. म्हणजे उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे निघालेली तापी, हा सगळा खान्देश एका नजरेत मावतो. शाळेत खचदरीची आकृती काढून गुण मिळवले असतील, पण ती दरी खरोखर कळते ती इथे. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या भिंती, मध्ये काळी सपाट जमीन, आणि पाणी पोहोचलं आहे तिथे केळीचा गर्द हिरवा पट्टा.

गोव्याला जाताना उजवीकडची खिडकी मागावी. विमान नैर्ऋत्येला झुकत दक्षिणेकडे जातं, त्यामुळे उजवी बाजू पश्चिमेची. सकाळचं उड्डाण असेल तर ऊन आपल्या पाठीमागून जमिनीवर पडतं, डोळ्यांवर येत नाही. सुरुवातीला गिरणेचं वाळूचं पात्र दिसतं. मग अजिंठ्याची रांग येते आणि लाव्हाच्या थरांनी घडलेल्या तिच्या पायऱ्या वरून स्पष्ट ओळखू येतात. नकाशावर जळगाव-गोवा सरळ रेघ ओढली तर ती पैठणच्या नाथसागरावरून जाते. शेवटी घाट ओलांडताच पठाराचा करडा रंग संपतो आणि कोकणाची हिरवाई सुरू होते. पंख्याजवळच्या रांगांत आवाज जास्त असतो. बोलत जायचं असेल तर मागे बसावं. मधल्या रांगांतून मात्र उतरण्याआधी पोटाखालून बाहेर येणारी चाकं दिसतात, आणि ती धावपट्टीला टेकतात तो क्षणही.

याहून लहान, चार आसनी सेसना १७२ची गोष्ट वेगळी. एक इंजिन, ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेग, वैमानिकाशेजारी एक जण आणि मागे दोघे. आवाजामुळे कानावर हेडफोन लावूनच बोलावं लागतं, आणि बसण्यापूर्वी प्रत्येकाचं वजन विचारतात. ते खरं सांगावं, कारण इंधनाचा आणि तोलाचा हिशेब त्यावर असतो. उन्हाळ्यात आपल्याकडची तापलेली हवा विरळ होते, धावपट्टी जास्त लागते आणि दुपारी वर विमान हेलकावे खातं. म्हणून अशी सहल थंडीतल्या सकाळचीच. ओळखीच्या कुणाकडे खासगी वैमानिकाचा परवाना असला, तरी पैसे घेऊन प्रवासी नेण्याची त्याला मुभा नसते. विचारायचं ते व्यावसायिक परवाना असलेल्या कंपनीलाच.

धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. १९२८मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था. शिरपूरला आणि जळगावलाही वैमानिक घडतात. म्हणजे देशातली तरुण मुलं उडायला शिकतात ती आपल्या डोक्यावर, आणि आपण खालून पाहत राहतो. जळगावहून अजिंठ्याची लेणी सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर आहेत, सेसनाला पाव तासाचं अंतर. वाघूर नदीने कापलेला घोड्याच्या नालासारखा तो कडा वरून कसा दिसत असेल! दीडशे किलोमीटरवर लोणारचं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. त्याची गोलाई जमिनीवरून कधीच पुरती डोळ्यांत भरत नाही.

पर्यटन विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने परवानाधारक कंपन्यांना बोलावून निदान दिवाळी ते संक्रांत अशी दर्शन-उड्डाणं सुरू करावीत. तोवर वाचकांनी गोव्याच्या विमानाचं ताजं वेळापत्रक पाहावं आणि तिकीट काढतानाच खिडकी राखून ठेवावी. विमान भरलं तरच मार्ग टिकतो, हे जळगावने पुरेसं अनुभवलं आहे.