पाळीव पक्षी असलेल्या घरातील हवा : सुगंध, स्वच्छता आणि सुरक्षितता

प्रस्तावना :

घर स्वच्छ आणि सुवासिक असावे, ही गृहजीवनातील जुनी अपेक्षा आहे. सकाळची उदबत्ती, तिन्हीसांजेचा धूप, कपाटातील डांबराच्या गोळ्या आणि फरशीचे फिनेल यांच्या जोडीला आता फवाऱ्याचे डबे व विजेवर चालणारी सुगंधयंत्रेही आली आहेत. दुसरीकडे, शहरी सदनिकांमध्ये बजरीगार, कॉकाटील, झेब्रा फिंच असे विदेशी पक्षी पाळले जातात. (देशी पोपट व मुनिया पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे.) पिंजऱ्याचा दर्प जाणवू लागला की सुगंधी द्रव्यांचा वापर वाढतो, परंतु माणसाला आल्हाददायक वाटणारी ही द्रव्ये पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतात. त्यामागील शरीरशास्त्रीय कारण, धोक्याचे स्रोत आणि सुरक्षित पर्याय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पक्ष्यांची श्वसनसंस्था :

माणसाच्या फुप्फुसात हवा ज्या मार्गाने आत येते त्याच मार्गाने बाहेर पडते. पक्ष्यांची रचना याहून भिन्न आहे. त्यांची फुप्फुसे लहान व जवळजवळ न प्रसरणारी असतात आणि त्यांना जोडलेले बहुधा नऊ वायुकोश भात्याप्रमाणे कार्य करतात. त्यामुळे पक्षी श्वास घेत असताना आणि सोडत असताना, अशा दोन्ही वेळी फुप्फुसातील सूक्ष्म नलिकांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. हवा आणि रक्त यांमधील पडदाही सस्तन प्राण्यांच्या तुलनेत पातळ असतो. उड्डाणासाठी लागणारा प्राणवायू या व्यवस्थेमुळे मिळतो. मात्र विषारी वायूही तितक्याच कार्यक्षमतेने रक्तात पोहोचतो.

या गुणधर्माचा उपयोग माणसाने स्वतःच्या रक्षणासाठी केला. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात कोळसा खाणींतील कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी लहान प्राणी व पक्षी वापरण्याची शिफारस केली आणि पुढे कॅनरी हा पक्षी खाणकामगारांचा सोबती झाला. ब्रिटनमध्ये या पक्ष्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणण्याचा निर्णय १९८६ मध्ये जाहीर झाला. कार्बन मोनॉक्साइडला गंध नसतो, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. हवा सुरक्षित आहे की नाही, हे ठरविण्यास मानवी नाक पुरेसे नाही.

धोक्याचे स्रोत :

उदबत्ती, धूप, कापूर व डासांच्या कॉइलच्या धुरात अतिसूक्ष्म कण आणि प्रक्षोभक वायू असतात. फवाऱ्याच्या डब्यांतून सुगंधी रसायनांबरोबर द्रावके व दाबाखालील वायूही बाहेर पडतात. डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थॅलीन सामान्य तापमानालाही हवेत मिसळत राहते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी सुगंधी तेलेही यास अपवाद नाहीत. विसरणयंत्रातून उडालेले त्यांचे सूक्ष्म थेंब श्वासाबरोबर आत जातात आणि पिसांवरही बसतात.

सर्वांत तीव्र धोका मात्र स्वयंपाकघरात आहे. न चिकटणाऱ्या भांड्यांवरील पीटीएफई हा लेप सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यास विघटित होऊ लागतो. मोठ्या आचेवर विसरलेला रिकामा तवा काही मिनिटांतच हे तापमान गाठू शकतो. या वाफांमुळे माणसाला फ्लूसारखा तात्पुरता ताप येतो. पक्ष्याच्या फुप्फुसांत मात्र द्रव व रक्त साचून अल्पावधीत मृत्यू ओढवू शकतो. स्वयंपाकघरातील वास घालविण्यासाठी लवंग-दालचिनी पाण्यात उकळण्याचा घरगुती उपाय करावयाचा झाल्यास भांडे स्टीलचे असावे व पाणी आटू देऊ नये, ते याचसाठी.

दर्पाचे मूळ व त्याचे निवारण :

पक्ष्यांच्या विष्ठेतील नत्रयुक्त भाग प्रामुख्याने यूरिक आम्लाच्या रूपात असतो. कोरडी विष्ठा फारसा दर्प देत नाही. ती ओली राहिल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेने अमोनिया तयार होतो. उरलेली फळे, मोड आलेली धान्ये आणि सांडलेले पाणी यांमुळे दर्प वाढतो, बुरशीही धरते. पावसाळ्यात ही समस्या अधिक जाणवते. म्हणजेच पिंजऱ्याचा दर्प हा सुगंधाच्या अभावाचा नसून ओलाव्याचा परिणाम आहे. त्या दृष्टीने पुढील उपाय उपयुक्त ठरतात :

१) पिंजऱ्याच्या तळाशी साधा कागद अंथरून तो रोज बदलावा. उरलेले ओले खाद्य काही तासांतच काढून घ्यावे.

२) पक्ष्याला दुसऱ्या खोलीत ठेवून पिंजरा गरम पाणी व सौम्य साबणाने धुवावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा. डाग काढण्यास पाणी मिसळलेले व्हिनेगर किंवा खाण्याचा सोडा चालतो.

३) ब्लीचमध्ये व्हिनेगर, शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल किंवा अमोनियायुक्त द्रव्य कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निर्माण होतात.

४) वाळलेली विष्ठा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. सिटॅकोसिस या माणसालाही होणाऱ्या रोगाचे जंतू धुळीतून पसरतात.

५) समोरासमोरच्या जाळीदार खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी. हवाशुद्धीकरण यंत्र घ्यावयाचे असल्यास ते ओझोन निर्माण न करणारे असावे.

६) पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्यालगत ठेवू नये.

सणवार व रंगकाम :

गणेशोत्सव आणि दिवाळीत धूर व फटाके यांपासून घर पूर्णपणे मुक्त ठेवणे अनेक कुटुंबांना शक्य होत नाही. अशा वेळी देवघरात ताजी फुले व तेलाची लहान ज्योत यांवर भर द्यावा आणि धूप जाळावयाचा असल्यास पक्षी आधीच आप्तांच्या घरी हलवावा. एकाच सदनिकेतील बंद दार धूर अडवू शकत नाही. घराला रंग दिल्यावर तो पूर्ण वाळून खोल्यांमध्ये काही दिवस हवा खेळल्यानंतरच पक्षी परत आणावा.

पक्षी आजारपण शक्यतो लपवितात. चोच उघडी ठेवून श्वास घेणे, श्वासागणिक शेपटी हलणे किंवा तोल जाणे ही लक्षणे दिसताच त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि विनाविलंब पशुवैद्यकाचे साहाय्य घ्यावे.

समारोप :

ताजी हवा म्हणजे गंध मिसळलेली हवा नव्हे. जिच्यात मिसळण्याजोगे काही उरलेले नाही अशी हवा होय. दर्पावर सुगंधाचे आवरण घातल्याने त्याचे मूळ कायम राहते आणि हवेत आणखी एका द्रव्याची भर पडते. हे पथ्य पक्ष्यासाठी अपरिहार्य आहेच. त्याच खोलीत श्वास घेणारे तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण यांनाही त्याचा लाभ होतो.