जुन्या मोटारीचा धूर आणि बाटलींतलें औषध

आमचें कुटुंब एकत्र आहे. घरांत माणसें तेरा आणि मोटार एक. ही मोटार आमच्या वडील बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, २००६ सालीं घेतली. मातोश्रींना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं नेलें तें तिच्यांतून, दोन पुतण्यांच्या नववधू घरीं आल्या त्या तिच्यांतून, आणि धाकटा नातू इस्पितळांतून प्रथम घरीं आला तोहि तिच्यांतूनच. पंधरा वर्षांची नोंदणी संपली तेव्हां ती विकावी असा विषय निघाला होता. परंतु कोणाचेंच मन होईना, म्हणून रीतसर तपासणी करवून आणखी पांच वर्षांसाठीं नोंदणी वाढवून घेतली. अशी ही घरची मोटार गेल्या आषाढांत प्रदूषण-तपासणींत, लोक जिला नुसतें ‘पी.यू.सी.’ म्हणतात तींत, नापास झाली.

‘नापास’ हा शब्द मला नवा नाहीं. चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना तो मी पुष्कळ वेळां उच्चारला आहे. मात्र दुसऱ्यांच्या मुलांविषयीं. त्या दिवशीं तपासणी करणाऱ्या तरुणानें सायलेन्सरच्या नळींत यंत्राची दांडी घातली आणि छापील कागद माझ्या हातीं दिला. त्यावर दोन आंकडे होते : कार्बन मोनॉक्साइड १.४ टक्के, आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलें इंधन, दशलक्ष भागांत ३२० भाग. “काका, टाकींत धूर कमी करण्याच्या औषधाची एक बाटली ओता आणि पुढल्या आठवड्यांत या,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून, “नाहींतर थोडे वरचे पैसे द्या, कागद आत्तांच मिळेल,” असेंहि सुचविलें. एकाच्या उत्तरपत्रिकेवर दुसऱ्याचें नांव घालण्याचा हा प्रकार मीं परीक्षागृहांत पुष्कळ पाहिला आहे. मीं नमस्कार केला आणि घरीं आलों.

घरीं आल्यावर दोन पक्ष पडले. दादा म्हणाले, “म्हातारी झाली, आतां देऊन टाकावी.” थोरला पुतण्या म्हणाला, “काका, बाटली ओतून तर पाहूं,” आणि संध्याकाळीं त्यानें बाटल्यांची एक जोडी विकत आणलीसुद्धां. वहिनी मात्र स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन म्हणाल्या, “कागदाचें राहूं द्या, भावोजी. रोज सकाळीं पोराच्या खिडकीखालीं गाडी दहा मिनिटें चालूं ठेवून गरम करतां, तो धूर त्याच्या नाकांत जातो त्याचें काय?” आमच्या धाकट्या नातवास पावसाळ्यांत दम लागतो. आम्ही सारे मुकाट झालों. खरा प्रश्न त्यांनींच विचारला होता.

पुतण्यानें एक बाटली ओतली. आठ दिवसांनीं पुन्हां तपासणी केली. कार्बन मोनॉक्साइड १.३ टक्के! पैसे गेले, आठवडा गेला आणि रोग जेथल्या तेथें राहिला. तेव्हां या विषयाचा थोडा अभ्यास करावा असें मीं ठरविलें. त्या अभ्यासाचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहें; कारण पंधरा-वीस वर्षांची मोटार सांभाळणारीं घरें आपल्यांत पुष्कळ आहेत.

प्रथम नियम काय तो पाहूं. ही तपासणी केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमाप्रमाणें होते. ‘भारत स्टेज २’ च्या पूर्वींच्या पेट्रोल मोटारीस, ती जागेवर मंद चालत असतां, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के व हायड्रोकार्बन १५०० भाग येथपर्यंत सूट आहे. स्टेज २ व ३ यांना हीच मर्यादा ०.५ टक्के व ७५० भाग. स्टेज ४ पासून पुढें ०.३ टक्के व २०० भाग. स्टेज ३ पर्यंतच्या मोटारीस प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनीं घ्यावें लागतें. २०१९ च्या कायदेदुरुस्तीनंतर या बाबतींतील दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला आहे.

आतां आंकडे काय सांगतात तें पाहूं. एक भार पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. हवा कमी आणि पेट्रोल अधिक झालें, म्हणजे ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. चुलींत लांकडें कोंबलीं आणि वारा मिळाला नाहीं कीं जी गत होते, तीच ही. हायड्रोकार्बन वाढण्याचें कारण बहुधा निराळें असतें : स्पार्क प्लग झिजल्यामुळें ठिणगी चुकते, किंवा पेट्रोलचा फवारा नीट बारीक होत नाहीं, आणि कांहीं इंधन न जळतांच बाहेर जातें. म्हणजे हे दोन आंकडे दोन निरनिराळीं लक्षणें आहेत. आमच्या मोटारीचा दुसरा आंकडा मर्यादेंत होता, पहिला जवळजवळ तिप्पट. तिला अजीर्ण झालें होतें आणि आम्ही तिला दंतमंजन देत होतों!

दंतमंजन म्हणण्याचें कारण असें कीं, चांगल्या प्रतीच्या बाटलींतलें औषध मुळांत मार्जक द्रव्य असतें. पॉलिईथर अमाइन या नांवाचें रसायन त्यांत प्रमुख. साबण जसा तेलकट मळ धरून पाण्याबरोबर नेतो, तसें हें रसायन पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशीं बसलेलें किटण धरून पेट्रोलबरोबर नेतें, आणि तें किटण जळून जातें. किटण वर्षानुवर्षें सांचलेलें असतें, म्हणून तें निघण्यासहि टाकीभर पेट्रोल जळावें लागतें. ओतल्याच्या घटकेस गुण येत नाहीं. त्याच्यानें न होणाऱ्या गोष्टी मात्र अनेक : झिजलेला प्लग नवा होत नाहीं, बिघडलेला सेन्सर सुधारत नाहीं, आणि मेलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जिवंत होत नाहीं.

हा कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेली, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा सूक्ष्म लेप दिलेली जाळी. विषारी वायूंचें रूपांतर ती निरुपद्रवी वायूंत करते; परंतु तापल्यावांचून, सुमारें २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णता आल्यावांचून, ती कामास लागत नाहीं. वहिनींच्या बोलण्यांतलें मर्म मला येथें उमगलें. थंड मोटार सकाळीं दारांत उभी राहून जो धूर सोडते, तो सबंध दिवसांतला सर्वांत वाईट धूर होय. त्यांतला कार्बन मोनॉक्साइड रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. म्हणून तो कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

इंधनांत औषध मिसळण्याची कल्पना नवी नाहीं, आणि तिचा इतिहास सावध करणारा आहे. १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिज्ली या संशोधकास असें आढळलें कीं, टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग पेट्रोलांत घातल्यास इंजिनाची ठकठक थांबते. ठकठक खरोखरच थांबली. परंतु तें शिसें धुराबरोबर रस्त्यावर, धुळींत आणि लेंकरांच्या रक्तांत गेलें. मुलांच्या बुद्धीवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो हें पुढें सिद्ध झालें. शिवाय कन्व्हर्टरच्या जाळीवर शिशाचा थर बसून ती निकामी होई. आपल्याकडे २००० सालीं शिसेंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालें. जगांतला शेवटचा देश अल्जीरिया, त्यानें तें २०२१ सालीं थांबविलें. एका औषधाचा दोष निस्तरण्यास शंभर वर्षें लागलीं. आजहि कांहीं बाटल्यांत मँगनीज किंवा लोह यांचीं संयुगें असतात, आणि त्यांचा साका प्लगवर व जाळीवर बसतो. तेव्हां लेबल वाचल्यावांचून बाटली घेऊं नये.

दुसरी एक युक्ति लोक सांगतात ती स्पिरिट किंवा अल्कोहोल ओतण्याची. अल्कोहोलांत स्वतःचाच प्राणवायु असल्यामुळें जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारींत कार्बन मोनॉक्साइडचा आंकडा कांहींसा उतरतो, हें खरें. परंतु पंपावरच्या पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आधींच असतें. त्यांत आणखी भर घातली तर जुन्या रबरी नळ्या व सीलें यांना धोका. आणि हवा प्रमाणाबाहेर वाढली तर नायट्रोजनचीं ऑक्साइडें वाढण्याचा संभव. हीं ऑक्साइडें तपासणीच्या कागदावर दिसत नाहींत, छातीला मात्र कळतात. आंकडा उतरला म्हणजे धूर शुद्ध झाला असें नव्हे.

चरकसंहितेंत निदानस्थान आधीं येतें आणि चिकित्सास्थान पुष्कळ नंतर. हा क्रम शाळेंत अनेकदां सांगूनहि मी स्वतः विसरलों होतों. अखेर कागद घेऊन आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं आंकडे पाहतांच, “मास्तर, ही जास्त पेट्रोल पिते आहे,” असें म्हटलें. एअर फिल्टर मळला होता तो बदलला. परंतु इंजेक्शनच्या मोटारींत एवढ्यानें भागत नाहीं म्हणून त्यांनीं ऑक्सिजन सेन्सर तपासला. धुरांत प्राणवायु किती उरला याची वर्दी देणारा हा पहारेकरी वर्षानुवर्षांच्या सेवेनें सुस्त झाला होता, आणि त्याच्या चुकीच्या वर्दीवरून मोटार अधिक पेट्रोल ओढीत होती. नवा सेन्सर बसविला, ऑइल बदललें, वीस-पंचवीस मिनिटें मोटार चालवून मगच तपासणीस नेली. कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के!

याउलट, बाटली केव्हां उपयोगी पडते याचेंहि उदाहरण घरांतच मिळालें. आमचे साताऱ्याचे मेहुणे आपली मोटार आठवड्यांतून एकदां मंडईपर्यंत नेतात. एरव्हीं ती उभीच. तिचा कार्बन मोनॉक्साइड ठीक होता, परंतु हायड्रोकार्बन ९०० वर गेला होता. प्लग नवे घालूनहि आंकडा हलला नाहीं. तेव्हां जोडींतली दुसरी बाटली न देतां त्यांना तशीच नवी, लेबलावर पॉलिईथर अमाइन असा उल्लेख असलेली, घेण्यास सांगितलें. लेबलावरच्या मापानें ती टाकींत घालून ते खंबाटकीच्या घाटानें पुण्यास येऊन गेले, टाकी बहुतेक संपेपर्यंत मोटार चालविली, आणि मग तपासणी केली. आंकडा ४१० आला. मळ होता तेथें मार्जकानें आपलें काम केलें.

तात्पर्य, प्रथम छापील कागद मागून घ्यावा व दोन्ही आंकडे वाचावे. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर हवा, सेन्सर, आणि फार जुन्या मोटारींत चोक व कार्ब्युरेटर पाहावा. हायड्रोकार्बन वाढला असेल तर प्लग, त्यांच्या तारा व ऑइल पाहावें. तरीहि उतरला नाहीं तर बाटलीचा विचार करावा. पेट्रोल भरंवशाच्या पंपावरच घ्यावें, कारण रॉकेलची भेसळ कोणत्याहि बाटलीनें निघत नाहीं. आणि मोटार थंड असतां तपासणीस नेऊं नये.

घरांत आतां दोन गोष्टी ठरल्या आहेत. सकाळीं मोटार सुरू केली कीं खिडकीखालीं उभी न ठेवतां लगेच सावकाश रस्त्यावर काढावयाची. इंजेक्शनच्या इंजिनास दहा मिनिटें तापविण्याची गरजच नसते, ही आमची कार्ब्युरेटरच्या काळची जुनी संवय होती. आणि ज्या दिवशीं खुद्द कन्व्हर्टर निकामी ठरेल व तो बदलणें परवडणार नाहीं, त्या दिवशीं दादांचें म्हणणें मान्य करून, मन घट्ट करून, मोटारीस निरोप द्यावयाचा. नातवाचा दम या दोन ठरावांनीं जाईल असें मी म्हणत नाहीं. परंतु त्यांत आमच्या हातून भर पडूं नये, एवढें तरी आमच्याकडे लागतें.

जोडींतली दुसरी बाटली अजून फडताळांत आहे. पुतण्यानें तिच्यावर स्वतःच्या हातानें चिठ्ठी चिकटविली आहे : “आधीं आंकडे पाहा.”