पाळकाचा शुक्रवार

पहाटे साडेपाच. आषाढाचा पाऊस पत्र्यावर चालूच आहे. घरातली उठायच्या आत प्रार्थनेची वही उघडतो. तिच्यात फक्त नावं आहेत. आजारी, परीक्षेला बसलेली, नोकरी गेलेली. एकेक नाव घेऊन प्रार्थना करतो.

आठची मिरजेची गाडी. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या रुग्णालयात आमच्या मंडळीतल्या एक आजी दाखल आहेत. शास्त्र उघडलं, तर म्हणाल्या, "आधी बसा की पाळकसाहेब. च्या घेतलासा का?" मग शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. तिथल्या बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. "त्यांच्यासाठी बी मागा." बाईंना विचारलं, त्यांनी हात जोडले, तेव्हाच प्रार्थना केली, दोघींसाठी मिळून चार वाक्यं. दुखणाईत माणसापुढं लांबलचक प्रार्थना करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याला प्रवचन नको असतं, कुणीतरी जवळ बसायला हवं असतं.

बाराला कचेरीत परत. पुण्याहून एक तरुण आलाय, आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा. लोखंडी कपाटातून जुनी नोंदवही काढली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पान उलटताना खालून तळहात द्यावा लागतो. तारीख, आईबापांची नावं, गाव, आणि एका रकान्यात बापाचा धंदा: मजूर. तो तरुण त्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ थांबला. मी घाई केली नाही.

मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांनी इथं शाळा काढल्या. शहरात वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावानं उभं आहे. १८६३ साली इथंच जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढं अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा धुरीण झाला. या बापलेकांवर पुस्तकं निघाली. या मजुराचं नाव मात्र या एका पानावरच आहे, म्हणून नक्कल करताना काना-मात्रा दोनदा ताडून पाहतो. आडनावाचं एक अक्षर चुकलं, तर पुढच्या पिढीला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

तीन. लग्नघरची मंडळी. हॉल रात्रीचा मिळालाय, म्हणून विधीही साडेसातला ठेवू म्हणतात. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी घातलेली आहे. समजावलं, विधी पाचला, जेवण रात्री. वधूपिता खर्चानं वाकलेला दिसला. त्याला दारापर्यंत सोडायला गेलो आणि सजावटीचा खर्च निम्म्यावर आणा, असं एकट्याला सांगितलं.

सहा. तरुण संघाची गाण्यांची तालीम. मार्टिन ल्यूथरनं सोळाव्या शतकात जर्मन माणसाला चर्चमध्ये त्याच्या स्वतःच्या भाषेत गायला लावलं. आपल्याकडं नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या उपासनेत आणलं, त्याच तोडीचं काम. पोरांना गिटार प्रिय आहे, असू दे. पण टाळ घरी विसरून आले, की मला राहवत नाही. आज पेटीवर टिळकांचं एक पद बसवलं. लय सापडली तशी मागच्या बाकावरची लाजरी मुलगीसुद्धा मोकळ्या गळ्यानं गायला लागली.

साडेसात. राजारामपुरीत एका घरी प्रार्थनासभा. सभा आटोपल्यावर शेजारचा दुकानदार, आमच्याच मंडळीतला, जिन्यात थांबला होता. थोरल्या मुलाशी बोलणं टाकलंय. "परत आला तर घेईन, पण पहिल्यांदा त्यानं यावं," एवढंच म्हणाला.

नऊला रविवारच्या प्रवचनाला बसलो. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र, परतणाऱ्या मुलाकडं बाप धावत जातो तो उतारा, ठरवला होता, टिपणंही तयार होती. आता तो उतारा घेणार नाही. दुकानदार तिसऱ्या बाकावर बसतो; चारचौघांत आपल्यालाच बोललं, असं त्याला वाटेल. वेगळा उतारा शोधला. उद्या दुकान उघडायच्या वेळेला त्याच्याकडं जातो, आणि जमलं तर दुपारी मुलाकडंही.