विश्लेषण : जुनी पद्मिनी ‘विंटेज’ ठरणार का?

कुर्ल्यात तयार होणारी फियाट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ नावाने विकली जाऊ लागली. त्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. त्यामुळे हौसेने घरीच दुरुस्ती करणाऱ्यांनी पाना हाती घेण्याआधी नियम पाहिलेला बरा.

विंटेज कोणती?
केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी.

काय चालते?
कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग-पॉइंट बदलणे ही नेहमीची देखभाल झाली. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केल्यास मात्र हा दर्जा मिळत नाही. इंधनखर्च वाचवण्यासाठी डिझेल इंजिन बसवलेल्या पद्मिनी इथेच अडतात.

मिळते काय?
नोंदणी १० वर्षांची, शुल्क २० हजार रुपये. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम राहतो. नव्याने नोंदणी झाल्यास ‘व्हीए’ मालिकेतला मिळतो.

अट काय?
रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला जायचे असेल, तर साध्या नोंदणीचे नूतनीकरणच सोयीचे.